अनसाबाईंची कुत्री

"पप्पा, एक कुत्री आहे. घ्याल का तुम्ही?" रश्मीनं फोनवर विचारलं, आणि साहेबरावांनी लगेच नको म्हटलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. घशात काहीतरी वाळून चिकटल्यासारखं झालं होतं, आणि त्यातून शब्द वर येईपर्यंत पलीकडून रश्मी म्हणाली, "बरं, घाई नाही. विचार करा. रविवारी शिरूरला या, बघा, मग ठरवू." तिनं फोन ठेवलाही. दुपारच्या पाळीची कंपनीची बस आली असणार. साहेबराव दौंडच्या घराच्या ओट्यावर मोबाइल धरून उभे राहिले. मग घसा खाकरून रिकाम्या अंगणाला मोठ्यानं म्हणाले, "नको." आता स्वच्छ आलं. तेव्हा त्यांनी मागे जाऊन आठवून पाहिलं. आज आणि काल दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून गेला होता. गुडघा धरला म्हणून परवापासून ते कोपऱ्यावर पेपर वाचायला गेले नव्हते. त्याच्या आदल्या दिवशी किराणावाल्यानं त्यांना पाहताच न विचारता चहाचा पुडा आणि बिस्किटं पुढे सरकवली होती. म्हणजे चार दिवस. चार दिवसांत आपण एकाही माणसाशी बोललो नाही आणि हे आपल्याला कळलंसुद्धा नाही. त्यांना एकदम अंगणातलं ऊन फार जवळ आल्यासारखं वाटलं. ते आत गेले, पाणी प्यायले, आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे उभे राहून वंदना म्हटली, रोजच्यासारखी मनात नाही, तर मोठ्यानं, एकेक शब्द तपासत. सगळे शब्द आले. तरी भीती गेली नाही.

कुत्रीची हकिगत पुढच्या दोन-तीन फोनांतून तुकड्यातुकड्यानं कळत गेली. शिरूरला रश्मी आणि तिचा नवरा संघर्ष ज्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहत होते, तिथंच शेजारच्या खोलीत अनसाबाई म्हणून एक एकटी बाई राहायची. एसटी स्टँडबाहेर फुलं विकायची. सहा वर्षांपूर्वी फुलांच्या पाटीमागे कुणीतरी टाकलेलं पिल्लू तिनं उचलून आणलं, चिंगी नाव ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी अनसाबाईंना अर्धांगाचा झटका आला. मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना भोसरीला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. कुत्री राहिली. तेव्हापासून ती त्या कुलूप लावलेल्या दारापुढे पायरीवर बसून असते. रश्मी भाकर घालते, पण रश्मी आठवड्याला पाळी बदलून रांजणगावला जाते, आणि संघर्षला कुत्र्याच्या केसांनी दमा उठतो. घरमालक शंकरराव माणूस वाईट नव्हता. तरी त्यानं सांगून टाकलं होतं, की मंगळवारी खोलीत नवं बिऱ्हाड येतंय, त्यांची लेकरं लहान आहेत, तोवर कुणी नेली नाही तर तो तिला गाडीत घालून न्हावऱ्याकडे सोडून येईल. तिकडे सगळा ऊस. उसात बिबट्या. पट्टा बांधलेलं, दाराशी वाढलेलं जनावर तिथं दोन दिवस टिकणार नाही, हे शंकररावला माहीत होतं, रश्मीला माहीत होतं, आणि आता साहेबरावांनाही माहीत झालं होतं. तेच त्यांना नको होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

बुधवारपासून शनिवारपर्यंत ते घरात फिरून कारणं गोळा करत राहिले. अंगणाची भिंत बुटकी आहे. गुडघ्यानं तिला फिरवून आणायला जमणार नाही. आपण न्हाणीत पडलो तर तिला कोण खायला घालील, ती भुंकत राहील आणि शेजारी वैतागून दार बंद करतील. रात्रीचा दिवा लावून ठेवावा लागेल का. कुत्री तेरा-चौदा वर्षं जगतात म्हणे. ती आज सहाची, आपण सदुसष्टचे. ती तेराची होईल तेव्हा आपण चौऱ्याहत्तरचे, म्हणजे दोन्ही म्हातारी, आणि मग कोण पहिलं जाणार याची वाट बघत एका घरात बसायचं. चौतीस वर्षं त्यांनी इंजिन चालवलं होतं, आधी असिस्टंट म्हणून, मग मालगाडीवर, शेवटी प्रवासी गाडीवर. लांबचा सिग्नल दिसला की हात आपोआप हलायचा. लोकांना वाटतं गाडी चालवणं म्हणजे पळवणं. गाडी चालवणं म्हणजे थांबवायचं कुठं ते आधी ठरवणं. आणि एवढं करूनही अशी एक वेळ येते, की ब्रेक पूर्ण ओढलेला असतो, करण्यासारखं होतं ते सगळं करून झालेलं असतं, आणि गाडी तरीही पुढे जात असते. आठशे मीटर. हजार मीटर. त्या वेळात ड्रायव्हरला काहीच काम नसतं. तो फक्त बघतो.

त्यांनी जे बघितलं होतं ते बेलवंडीच्या अलीकडे, हिवाळ्यातल्या एका लख्ख दुपारी. मालगाडी होती, भरलेली. वळण संपलं आणि समोर रुळांच्या मधोमध एक माणूस पाठमोरा चाललेला दिसला. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा, की खांद्यापर्यंत सगळं गवतच. त्याला मागचं दिसणं शक्य नव्हतं, आणि कानांवरून गवत लोंबत होतं. त्याच्याबरोबर एक तांबडं कुत्रं होतं. कुत्र्यानं गाडी पाहिली. ते खडीवरून खाली उतरलं, बाजूच्या पायवाटेवर गेलं, चांगलं पाच-सात हात लांब. तिथं थांबून त्यानं मागे वळून बघितलं. आणि परत वर आलं. माणसाच्या पुढे होऊन उड्या मारायला लागलं, धोतर धरून ओढायला लागलं. माणसानं एक हात भाऱ्याचा काढला आणि त्याला हाड केलं. ब्रेक कधीच ओढलेला होता. असिस्टंटनं डोळे मिटले होते. साहेबरावांनी मिटले नव्हते. नंतर गाडी थांबल्यावर ते खाली उतरले, गार्डला बोलावलं, मेमो लिहिला. मेमोत माणूस लिहिला, वेळ लिहिली, किलोमीटरचा दगड लिहिला. कुत्रं लिहिलं नाही, त्याला मेमोत जागा नव्हती. घरी येऊन बायकोला, रंभालाही फक्त माणूस सांगितला. रंभानं त्यांना अंघोळीला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. माणसं याआधीही गाडीखाली आली होती, पुढेही आली. प्रत्येक वेळी जेवण दोन दिवस जात नसे आणि मग जायला लागे. कुत्र्याचं तसं झालं नाही. ते उतरलं होतं. वाचलं होतं, आणि तरी परत वर येऊन त्या माणसाबरोबर गेलं. ही गोष्ट त्यांना पंधरा वर्षांत कुठंच ठेवता आली नव्हती.

आणि पुढे रंभानं तेच केलं. कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, साहेबरावांना ताप आला तेव्हा ती शिरूरला रश्मीकडे होती. सुखरूप होती. त्यांनी फोनवर बजावून सांगितलं, येऊ नकोस, मी दवाखान्यात जातो, तू तिथंच थांब. ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोंडाला दोन फडकी बांधून, हातात कापडी पिशवी घेऊन दारात उभी. साहेबराव तिच्यावर ओरडले. आयुष्यात तिच्यावर एवढं कधी ओरडले नसतील. तिनं पिशवी खाली ठेवली, थंड पडलेला गॅस पेटवला आणि त्यांना पेज करून दिली. पुढे दोघंही दवाखान्यात गेली, वेगळ्या वॉर्डात. अकराव्या दिवशी ती गेली. त्यांना चार दिवसांनी सांगितलं. लोक म्हणतात बायकोनं फार जीव लावला हो तुम्हाला. साहेबरावांना ते ऐकवत नाही. कुणी आपल्याला जीव लावला की ते परत वर येतं, आणि आपण त्याला हाड करतो, आणि तरी ते हटत नाही. हे त्यांनी दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा बघायची त्यांची ताकद नव्हती. चावेल, घाण करील, पळून जाईल, ही सगळी कारणं खोटी होती. कुत्री आपल्याला विसरून गेली तर चालणार होतं. ती आपल्यासाठी थांबली तर काय, याचीच भीती होती. पण हे रश्मीला फोनवर कसं सांगायचं?

रविवारी ते सकाळच्या एसटीनं निघाले. चौफुल्याला उतरून शिरूरची एसटी धरली. सांगायचं वाक्य त्यांनी घरूनच तयार करून घेतलं होतं: गुडघ्यामुळे जमणार नाही, कुठं प्राण्यांची संस्था असेल तर बघू. गाडी न्हावऱ्याकडे वळली तसा दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. उंच, गच्च, आत दोन हातांपलीकडचं दिसत नाही असा. साहेबरावांनी खिडकीबाहेर बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळा वेळ बाहेरच बघत राहिले. एका बांधावर एक भटकं कुत्रं उभं दिसलं, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, नसलेल्या ब्रेकच्या दांड्याकडे. शेजारच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, काय झालं मामा? काही नाही, ते म्हणाले. हात त्यांनी मांडीखाली दाबून घेतला.

कुत्री त्यांना वाटली त्याहून लहान होती. काळी-पांढरी, एक कान मुडपलेला, गळ्यात लाल पट्टा. पायरीवर दाराला पाठ लावून नाही, तर दाराकडे तोंड करून बसली होती, नाक फटीपाशी. रश्मीनं चिंगी म्हणून हाक मारली तेव्हा शेपटी एकदा जमिनीवर आपटली, मान वळली नाही. साहेबराव तीन हात अंतरावर उभे राहिले. मग बिस्कीट पुढे केलं. तिनं ते हुंगलंही नाही. रश्मीनं दोरी लावून तिला फाटकापर्यंत चालवत नेलं; फाटकाशी ती खाली बसली, चारही पाय रोवून, आणि दोरी सुटताच सावकाश, न पळता, परत पायरीवर येऊन बसली. साहेबरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला आपण नकोच आहोत. एवढं सोपं होतं तर. त्यांना भूकसुद्धा लागली. रश्मीनं वांग्याचं कालवण आणि भाकरी केली होती. ते दीड भाकरी जेवले आणि हात धुऊन आल्यावर तयार ठेवलेलं वाक्य बोलले. गुडघा, संस्था, सगळं.

रश्मी ताटं उचलता उचलता थांबली. तिचे डोळे रंभासारखे होते, राग आला की लहान व्हायचे.

"कुत्रीसाठी नव्हतं विचारलं मी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी विचारलं. मी फोन करते तेव्हा तुम्ही बोलायला लागायच्या आधी किती वेळ जातो, ठाऊक आहे का तुम्हाला? मी इकडं फोन कानाला लावून उभी असते. वाटतं आज पलीकडून कुणी बोलणारच नाही."

 आपल्या गप्प बसण्याचा आवाज कुणाला ऐकू जात असेल असं साहेबरावांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना राग आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही लपवायला ते म्हणाले, की पण तिला यायचं नाहीये, तू बघितलंस ना. रश्मी म्हणाली, ठीक आहे, मग अनसाबाईंना तुम्हीच सांगा. त्या रोज विचारतात. आणि त्यांनी थांब म्हणायच्या आत तिनं अनसाबाईंच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आधी छत दिसलं, पंखा दिसला, मग उशीवर कललेला एक चेहरा. तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली होती. शब्द घसरत होते, पण कळत होते. जय भीम, नमस्कार झाला. ती खाती का, एवढं बाईंनी पहिलं विचारलं. रश्मी घालते, साहेबराव म्हणाले. तुमी नेताय म्हनं तिला, बाई म्हणाल्या. आता इथं खोटं बोलता येणार नव्हतं.

"अजून ठरत नाही माझं, बाई," साहेबराव म्हणाले. "मी सदुसष्टचा आहे. एकटा असतो. माझं काही मागंपुढं झालं, तर ती अशीच माझ्या दारात बसायची. ते नको वाटतं."

अनसाबाईंनी उशीवरच मान फोनकडे वळवली. 

"माझं बी झालंच की मागंपुढं," त्या म्हणाल्या. "आन् ती मी गेली म्हनून न्हाई बसली, भाऊ. मी आत हाय म्हनून बसलीया. मला न्हेलं तवा ती बाजारात हिंडत व्हती. तिनं बघितलंच न्हाई मला जाताना. पोरानं कुलूप घातलं आन् गाडी काढली. दार कुनी उघडलंच न्हाई तिच्याम्होरं." मग थोडं थांबून, दम घेऊन, "तेवडं तरी करा. मग न्यायची का न्हाई, तुमचं तुमी बघा."

फोन बंद झाल्यावर साहेबराव खुर्चीत बसून राहिले. दवाखान्यातून सुटून ते घरी आले होते तो दिवस त्यांच्यापुढे उभा राहिला. रश्मीनं त्यांना रिक्षातून उतरवलं होतं. रंभा गेली हे त्यांना सांगून झालेलं होतं, त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलेलं होतं. पण कुणी काही दाखवलं नव्हतं. चेहरा नाही, राख नाही. सगळं परस्पर आटोपलेलं. घरात शिरल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. तिथून मागच्या खोलीत. न्हाणीचं दार ढकलून बघितलं. कपाटामागची फट बघितली, तिथं माणूस मावत नाही हे ठाऊक असताना. शिरूरहून तिनं आणलेली कापडी पिशवी कोपऱ्यात गाठ मारलेली तशीच होती. परत स्वयंपाकघरात. दारात उभ्या असलेल्या रश्मीनं विचारलं, पप्पा, काय शोधताय? चष्मा, ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता. रश्मी लगबगीनं पुढे आली, त्यांना दंडाला धरून खाटेवर बसवलं, डोळे पुसले, औषध दिलं. मायेनंच केलं तिनं. पण त्यांचं बघून झालं नव्हतं. अजून मागचा पत्र्याचा आडोसा राहिला होता, ओट्याची बाजू राहिली होती. ते पुन्हा उठलेच नाहीत.

आता ते खुर्चीतून उठले आणि पलीकडे शंकररावकडे गेले. खोली एकदा उघडून दाखवाल का, म्हणून विचारलं. शंकररावला कळेना. आत काही नाही, सामान पोरानं सगळं नेलंय, तो म्हणाला. उद्या सकाळी रंगवाला येणार आहे.  उद्या रंग लागला की त्या खोलीत अनसाबाईंचा वास राहणार नव्हता. मग कुत्रीला तिथं शंभरदा फिरवली तरी तिला काय कळणार होतं? "आजच उघडा," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा चढाच लागला. शंकररावनं त्यांच्याकडे बघितलं, आणि आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा आणला.

कुलूप निघण्याचा आवाज झाला तशी चिंगी उभी राहिली. सगळ्या अंगानं थरथरत होती. साहेबरावांना एकदम वाटलं, आपण भयंकर काहीतरी करतोय. तीन आठवडे तिच्याजवळ एक दार तरी होतं. दाराआड बाई होती. ते उघडलं की तेही जाणार. थांबा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण दार आत ढकललं गेलेलं होतं आणि ती त्यांच्या पायांमधून आत घुसलीही होती. ती थेट खाटेच्या जागी गेली. खाट नव्हती, फरशीवर चार पायांचे चार गोल डाग होते. एकेक डाग तिनं हुंगला. मग मोरीपाशी. मग भिंतीतल्या फडताळाखाली, जिथं फुलांच्या पाटीतली दोन सुकलेली शेवंतीची फुलं पडली होती. त्यांच्यापाशी ती फार वेळ थांबली. शेपटी हलायला लागली, मग थांबली. परत खाटेच्या जागी. तोंडातून बारीक, शिट्टीसारखा आवाज येत होता, रडणं नाही, विचारणं.

"ज्ञानूला फोन लाव," साहेबराव रश्मीला म्हणाले, नजर आतच ठेवून. ज्ञानू तळेगाव ढमढेऱ्याचा, संघर्षच्या ओळखीचा, जीप चालवायचा. "चारला गाडी घेऊन ये म्हणावं. थेट दौंड. तिचं ताट आणि गोधडी बांधून ठेव."

रश्मीनं मोबाइल काढला. त्यांना वाटलं होतं, हे म्हटल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट भीती आता नीट समोर येऊन बसली, सात-आठ वर्षं मुक्कामाला आल्यासारखी. ती यायची नाही, गाडीतून उडी मारील, दौंडहून शिरूरचा रस्ता शोधत निघेल, त्या उसातून. किंवा राहील. आपल्या पायांशी बसेल, एक दिवस आपली वाट बघेल. यातलं काहीही होऊ शकत होतं, आणि यातल्या कशालाही ब्रेक नव्हता.

आत कुत्री तिसऱ्यांदा मोरीकडे गेली होती. शंकररावनं किल्ल्या हलवल्या. रश्मीला ते बघवेना, ती उंबरठ्याकडे वाकून हाक मारायला निघाली, "चिंगी, ये गं, बास झालं..." साहेबरावांनी तिचा दंड धरला.

"थांब," ते म्हणाले. "अजून तो कोपरा राहिलाय."

आणि तिघंही दाराबाहेर उभी राहिली, ती कोपऱ्याकडे जाईपर्यंत.